शाल्वाच्या नावाचा गहू

त्सोनका : खोकं दिलं म्हणजे अख्खं दिलं. त्यात निवडत काय बसायचं?

ग्रोझदान : कुणाला दिलंस?

त्सोनका : ल्यूबेनकाकांना. भंगारातून तारा वेचणारं दुसरं कोण आहे आपल्या बिल्डिंगमध्ये? महिनाभर तूच डोकं खात होतास, तळघर आवर, तळघर आवर. आवरलं.

ग्रोझदान : आवर म्हणालो. वाटून टाक म्हणालो का?

त्सोनका : ओरडू नकोस. त्या मिरच्या फिरव आधी, जळतील. मोसमातल्या शेवटच्या आहेत. आणि होतं काय रे त्या खोक्यात? एक रेडिओचा सांगाडा, दोन बंद पडलेले चार्जर, तुझ्या आईच्या शिवणयंत्राचं पायडल, मूठभर स्क्रू. त्यावरून एवढा घाम फुटायला काय झालं?

ग्रोझदान : आणि बोर्ड? हिरवा, तळहाताएवढा. जाड तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेला. तोही त्यातच होता?

त्सोनका : होतं खरं काहीतरी हिरवं. काका तर बाकीचं खोकं काखेत मारून तेवढंच हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरले. म्हणाले, "हे कशातलं आहे ते आता ओळखलंच पाहिजे." किती महिन्यांनी हसताना पाहिलं मी त्यांना. ... ग्रोझदान? असा मटकन खाली काय बसलास?

ग्रोझदान : पंपाचा आहे तो.

त्सोनका : कुठल्या पंपाचा?

ग्रोझदान : आपल्या. तळघरातल्या. वरच्या मजल्यांना पाणी चढवतो त्या.

त्सोनका : पंप तर चालतोय.

ग्रोझदान : त्याच्याशिवाय चालतो. वसंतात नवा पंप बसवला तेव्हा स्विच सारखा पडायचा, आठवतं? मी पायजम्यावर जिने उतरायचो, आणि रूमियाना आठव्या मजल्यावरून शिव्या घालायची. शेवटी एकदा पंपावरचा डबा उघडला. हा बोर्ड मधून काढला, तारा सरळ जोडून टाकल्या. त्यानंतर एकदाही पडला नाही स्विच.

त्सोनका : आणि सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिल्डिंगचा मॅनेजर पुन्हा तूच. मी चीज घालून बनित्सा केली होती सगळ्या जिन्याला. मग त्यात लपवण्यासारखं काय आहे? काढला तर काढला.

ग्रोझदान : काकांच्या रेडिओत घरघर कधीपासून सुरू झाली?

त्सोनका : मला काय विचारतोस? वसंता... ग्रोझदान!

ग्रोझदान : हं.

त्सोनका : अरे, तू सभेत काय म्हणालास त्यांना! सगळ्यांसमोर! ते बिचारे कागद घेऊन उभे राहिले होते, "घरघर तळघरातून येते असं मला वाटतं" म्हणून. आणि तू म्हणालास, "कप्तान, घरघर पंपात नाही, तुमच्या कानात आहे." सगळी सभा हसली. मीही हसले.

ग्रोझदान : तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं.

त्सोनका : आणि नंतर?

ग्रोझदान : नंतर अंदाज आला. पण कुणाला विचारायचं? विचारलं असतं तर पंपवाली माणसं आली असती, डबा उघडला असता. तारा कापलेल्या दिसल्या की हमी रद्द. मग पुढच्या सभेत माझी काय गत झाली असती? रूमियानानं मला जिन्यावरून ढकललं असतं.

त्सोनका : म्हणून त्या माणसाला बहिरा ठरवलंस.

ग्रोझदान : ठरवलं नाही. ठरू दिलं.

त्सोनका : आणि त्यांनी दारावर शाल्वाचं निधनपत्रक लावलं, ते?

ग्रोझदान : शाल्वा गेलाच असेल. ऐंशीच्या पुढचा होता.

त्सोनका : कशावरून गेला असेल? दर रविवारी समुद्रापलीकडून, बातुमीहून, रेडिओवर त्याची मोर्सची टिकटिक यायची, ती ऐकू येईना, म्हणून काका धरून चालले की तो गेला!

ग्रोझदान : नुसतं तेवढंच नाही. त्यांनी पाठवलेलं पाकीटही परत आलं होतं, या पत्त्यावर कुणी नाही म्हणून.

त्सोनका : तारीख माहीत नाही म्हणून पाकीट परत आलं तोच दिवस धरला त्यांनी. फोटो नव्हता तर दीपगृहाचं पोस्टकार्ड छापलं पत्रकावर. लोक मला विचारत होते, दीपगृहात कोण होतं गं तुमच्याकडचं? आणि गेल्या रविवारी चाळीस दिवस झाले म्हणून चाळिसावा घातला. साखर-अक्रोड घालून गहू उकडला, दारोदार वाटला. आपण खाल्ला. "देव त्याला क्षमा करो" म्हणालास तू, चमचा तोंडात असताना. दोनदा घेतलास!

ग्रोझदान : पुरे ना.

त्सोनका : उद्या स्लिवेनहून माणूस येतोय रेडिओ न्यायला. परवा काका प्लेवेनला, मुलीकडे. घराला कुलूप. कान गेले म्हणून रे! कान गेले म्हणून समुद्र सोडून चाललाय तो माणूस.

ग्रोझदान : तेच तर म्हणतोय मी. एकच दिवस उरलाय. तो बोर्ड एवढा एक दिवस त्यांच्या हाती लागला नसता, तर... मी वर जातो. काहीतरी सांगून घेऊन येतो.

त्सोनका : आणि खरं?

ग्रोझदान : बघतो.

त्सोनका : तुझं "बघतो" मला माहीत आहे. थांब. ही ताटली घेऊन जा, सोललेल्या आहेत. चोरी करायला निदान रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

(सातव्या मजल्यावर, ल्यूबेनच्या घरी. बांधलेली खोकी. टेबलावर दिवा, भिंग आणि तो हिरवा बोर्ड.)

ल्यूबेन : आलो, आलो, ऐकलं. एवढं हळू काय वाजवतोस दार, कुणी झोपलंय का आत? ये. मिरच्या? त्सोनकाचा हात सढळ आहे. ठेव त्या खोक्यावर. टेबलावर नको, टेबलावर पाहुणा आहे.

ग्रोझदान : त्याच्यासाठीच आलो, कप्तान. तो चुकून आला तुमच्याकडे.

ल्यूबेन : कप्तान म्हणू नकोस रे. किती वेळा सांगू? मी बिनतारी खोलीत बसायचो, आणि कप्तान मला कॉफी आणायला पिटाळायचा. बस. कसा चुकून?

ग्रोझदान : म्हणजे कसं, आईच्या शिवणयंत्रातला आहे तो. तिची आठवण म्हणून ठेवला होता.

ल्यूबेन : शिवणयंत्रातला! पोरा, तुझी आई काय जहाजांची शिडं शिवायची? ही तार बघ किती जाड आहे. एवढ्या विजेत शिवणयंत्र टेबलासकट खिडकीबाहेर जाईल.

ग्रोझदान : मग टीव्हीतला असेल. गावाकडचा एक होता, मोठा.

ल्यूबेन : टीव्हीतलाही नाही. बस ना, घाई काय आहे? तुला दाखवतो मी कसा ओळखतो ते. ओळखण्यासारखं हे शेवटचंच येणार आहे माझ्या हाती. आधी विजेची वाट शोधायची. कुठून आत येते? ही दोन टोकं. कुठून बाहेर जाते? ही दोन. आणि मध्ये काय आहे? दिवा नाही, चिप नाही, चक्र नाही. वीज आली तशीच पलीकडे गेली. मग हा बोर्ड करतो काय?

ग्रोझदान : काही नाही. तेच म्हणतोय मी. बिनकामाचा आहे.

ल्यूबेन : पुष्कळ जणांना तसंच वाटतं. हे काळं कडं बघ. एका कड्यावर दोन वेटोळी, सारखी, जुळ्या भावांसारखी. चांगली वीज हे सुखानं जाऊ देतं. पण यंत्राच्या पोटात जी किरकिर तयार होते ना, बारीक बारीक कचरा, तो हे बाहेर सोडत नाही. उरलासुरला हे पिवळे ठोकळे गिळतात. फिल्टर आहे हा, ग्रोझदान. दारातलं पायपुसणं म्हण. ते काढलं तरी घर चालतंच. चिखल जिन्यात जातो, इतकंच.

ग्रोझदान : हं.

ल्यूबेन : आणि या दोन निळ्या टिकल्या बघ, मसुरीएवढ्या. या जमिनीच्या तारेला जोडल्यात. या किंचित वीज जमिनीत सोडतात, ते त्यांचं कामच आहे. पण आपल्यासारख्या ओलसर बिल्डिंगमध्ये तेवढंही जास्त होतं. शॉक लागू नये म्हणून बसवलेला स्विच पडतो. आज पडतो, उद्या पडतो. मग कुणीतरी शहाणा येतो आणि फिल्टरच उपटून टाकतो.

ग्रोझदान : शहाणा.

ल्यूबेन : स्विच पडायचा थांबतो ना! सगळे खूश. साधा उपाय असतो खरं तर, वेगळ्या जातीचा स्विच बसवायचा. पण उपटणं सोपं. यंत्राला काही होत नाही. जे व्हायचं ते शेजाऱ्याला होतं.

ग्रोझदान : काका, मिरच्या गार होतायत.

ल्यूबेन : गारच चांगल्या लागतात. आता शेवटचा प्रश्न. हा मेला कशानं? मीटर लावून सगळं तपासलं मी. कॉइल ठीक, फ्यूज ठीक, ठोकळे फुगलेले नाहीत, जळका वास नाही. मेलेलाच नाही हा. धडधाकट असताना कुणीतरी काढून खोक्यात टाकलाय. आणि हे पांढरे डाग आहेत ना कडेला, हे चुन्याचे. पाण्यातल्या चुन्याचे. शिवणयंत्रात पाणी कुठून आलं, सांग?

ग्रोझदान : तुम्हाला काय करायचंय ते ओळखून? उद्या रेडिओच जातोय.

ल्यूबेन : जातोय खरा. म्हणूनच हात रिकामे राहू देत नाही. आज रविवार. चार वाजायला आले की हे बोट आपोआप बटणाकडे जातं. चाळीस वर्षांची सवय, त्याला कोण सांगणार की समोर आता कुणी नाही?

ग्रोझदान : त्याला... शाल्वाला भेटला होतात कधी?

ल्यूबेन : नाही रे. आवाजसुद्धा ऐकला नाही. नुसती टिकटिक. तो बातुमी बंदरात, मी जहाजावर. रोसित्सा झाली ना, ती तार त्यानंच दिली मला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. जोरात रडते." घरी आल्यावर बायकोला म्हणालो, जोरात रडते हे कशाला कळवलंस, पैसे पडतात. ती म्हणाली, मी कुठं कळवलं? ते त्यानं पदरचं घातलं होतं, ग्रोझदान. त्याला वाटलं, दोनच वाक्यांवर या माणसाचं भागणार नाही. चाळिसाव्याला मी त्याला निरोप टिकटिकला. वेडेपणाच. म्हटलं, तुझ्या नावाचा गहू वाटला. सातव्या मजल्याला वाटला, आठव्याला वाटला, आणि ग्रोझदाननं तर दोनदा घेतला. तुझ्याबद्दल बरं वाटलं मला तेव्हा. ओळख ना पाळख, पण माणसानं मनापासून खाल्लं. ... थांब हं. हे काय आहे?

ग्रोझदान : काय?

ल्यूबेन : या कापलेल्या तारेच्या टोकाला काहीतरी गुंडाळलंय. भिंग दे. विजेची चिकटपट्टी नाही ही. गुलाबी आहे. ही जखमेवर लावायची पट्टी आहे.

ग्रोझदान : सगळीकडे मिळते ती.

ल्यूबेन : मिळते. पण तारेला ती लावणारा माणूस बुर्गासमध्ये एकच आहे. आपल्या बेलच्या बटणाला ती आहे. पत्रपेटीच्या झाकणाला आहे. शाल्वाच्या पत्रकाच्या चारी कोपऱ्यांना आहे, तूच चिकटवून दिलंस स्टुलावर चढून.

ग्रोझदान : बहीण औषधाच्या दुकानात आहे. ती देते.

ल्यूबेन : माहीत आहे. ... म्हणजे पंप. चुना, ओल, जाड तार. पंपाच्या डब्यातला आहे हा. मी मूर्ख, दुपारपासून डोकं खाजवतोय.

ग्रोझदान : काका, मी...

ल्यूबेन : थांब, थांब. इतका पांढरा पडू नकोस. तुला वाटत असेल, याच्यामुळेच माझी घरघर. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण नाही. ते आपण तपासलंय की!

ग्रोझदान : ते...

ल्यूबेन : मिरच्यांच्या मोसमाच्या सुरुवातीला, त्या शनिवारी. मी विनंती केली आणि तू बिचारा हातातलं काम टाकून खाली गेलास. मी इथं हेडफोन लावून बसलो, एक कान मोकळा ठेवून. तू जिन्यातून ओरडलास, "बंद केला, काका!" आणि घरघर जशीच्या तशी. तसूभर कमी नाही. तेव्हाच मला कळलं की हे माझ्या डोक्यातच आहे. दुसऱ्या दिवशी मी रोसित्साला फोन करून सांगितलं, येतो बाई तुझ्याकडे. तेव्हा तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. फिल्टर काढलास ते चुकलंच. पण माझे कान काही तू काढले नाहीस.

ग्रोझदान : काका.

ल्यूबेन : काय?

ग्रोझदान : मी बंद नव्हता केला.

ल्यूबेन : काय बंद नव्हता केला?

ग्रोझदान : पंप. त्या शनिवारी. सगळ्या जिन्यात बायका टोमॅटो-मिरच्या शिजवत होत्या, बरण्या उकळत होत्या. पाणी गेलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं. ... नाही. ते पण खरं नाही. मला भीती वाटली. बंद केला आणि तुमची घरघर थांबली, तर मग काय? मी स्विचसमोर उभा राहिलो. हात वर नेला. आणि नुसताच ओरडलो.

ल्यूबेन : नुसताच ओरडलास.

ग्रोझदान : हो.

ल्यूबेन : "बंद केला, काका."

ग्रोझदान : हो.

ल्यूबेन : (भिंग टेबलावर ठेवतो.)

ग्रोझदान : काहीतरी बोला. शिव्या द्या. ही ताटली फेकून मारा.

ल्यूबेन : मी हळूहळू रोसित्साशी फोनवर ओरडून बोलायला लागलो, ग्रोझदान. ती म्हणायची, बाबा, मला ऐकू येतंय. मी म्हणायचो, तुला येतंय गं, मला येत नाही. रेडिओ बंद असला तरी मला तो आवाज येतोय असं वाटायला लागलं. मग मी लोकांकडे जाणंच सोडलं. म्हटलं, त्यांना दोनदोनदा सांगायला कशाला लावायचं?

ग्रोझदान : तुमचे कान धडधाकट आहेत. मगाशी दार मी इतकं हळू वाजवलं, ते मुद्दाम. तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. नाही उघडलंत तर किल्ली फिरवून आत शिरणार होतो आणि हा उचलणार होतो. मॅनेजरकडे सगळ्या किल्ल्या असतात. आणि तुम्ही पहिल्या टकटकीला ओ दिलीत.

ल्यूबेन : दिली खरी.

ग्रोझदान : मला लाज वाटते काका. गहू खातानाही वाटत होती. म्हणूनच तर दुसऱ्यांदा घेतला, तुम्ही आग्रह करत होतात आणि मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ल्यूबेन : ते जाऊ दे. किती वाजले?

ग्रोझदान : चार होतील आता.

ल्यूबेन : चार. मग शाल्वा... ऊठ. खाली जा. पंप बंद कर.

ग्रोझदान : जातो. धावत जातो.

ल्यूबेन : एकटा नको. त्सोनकाला घेऊन जा. ती पंपाला हात लावून सांगेल, तेव्हाच मी मानेन.

ग्रोझदान : ... बरोबर आहे तुमचं.

ल्यूबेन : आणि फोन चालू ठेवा. जिन्यातून ओरडू नकोस.

त्सोनका : काका? त्सोनका बोलतेय. येतंय ना ऐकू? आम्ही दोघं तळघरात आहोत. यानं लिफ्टमध्ये मला सगळं सांगितलं. ते शनिवारचं मलाही ठाऊक नव्हतं हो, शपथ. मीच त्या दिवशी बरण्या धूत होते.

ल्यूबेन : नंतर, त्सोनका. नंतर. रेडिओ लावलाय मी. घरघर आहे, पुष्कळ आहे. आता पाड म्हणावं त्याला.

त्सोनका : पाड रे. बघतोस काय? ... पाडला, काका. माझ्या डोळ्यांदेखत पाडला. थांबा, हात लावते. थरथर थांबलीय पंपाची. मेल्यागत गप्प झालाय. काका? अहो काका, बोला ना.

ल्यूबेन : गेली.

त्सोनका : काय गेलं?

ल्यूबेन : घरघर गेली. मागे नुसती बारीक सळसळ राहिलीय. अशीच असायची. आधी अशीच असायची गं.

ग्रोझदान : आणि तो आहे का?

ल्यूबेन : नाही. कुणी नाही.

ग्रोझदान : थांबा थोडं, काका. चार आत्ताच वाजलेत.

त्सोनका : वरून रूमियाना ओरडतेय. डोक्याला शाम्पू लावून बसलीय म्हणते, पाणी कुठं गेलं?

ग्रोझदान : सांग तिला, टॉवेलनं पूस.

त्सोनका : म्हणते, मॅनेजर बदलते या वेळी.

ग्रोझदान : बदल म्हणावं.

ल्यूबेन : गप्प बसा दोघं. मी हाक मारतो. ...

त्सोनका : काका?

ल्यूबेन : श्श. आहे. कुणीतरी आहे. अगदी बारीक. पण हा हात... लांब रेघ जरा जास्तच ओढतो. बोटं दुखतात त्याची, म्हणून. त्सोनका, हा शाल्वा आहे.

त्सोनका : अगं आई गं.

ग्रोझदान : नक्की ना काका? दुसरा कुणी नसेल?

ल्यूबेन : तुझा बोर्ड ओळखायला मला अख्खी दुपार लागली, ग्रोझदान. याला दोन अक्षरं पुरली.

त्सोनका : काय म्हणतोय? सांगा ना!

ल्यूबेन : म्हणतोय, "मूर्खा, मी जिवंत आहे." परत तेच. "मूर्खा, मी जिवंत आहे. गेल्या रविवारपासून सांगतोय, कान फुटले का तुझे?" ... जुनं घर पाडून तिथं हॉटेल बांधलं. आता मुलाकडे असतो. कार्ड टाकलंय म्हणे मला, येईल हळूहळू. ... म्हणतोय, "वसंतापासून तू हाक मारायचास, मी ओ द्यायचो, आणि तू पुन्हा हाक मारायचास."

ग्रोझदान : दर वेळी? दर वेळी ओ द्यायचा तो?

ल्यूबेन : एकही रविवार चुकवला नाही म्हणतो.

त्सोनका : आता रडतोस कशाला? तोंड पूस. फोन पकड नीट.

ल्यूबेन : हसतोय आता. हसण्याची त्याची खूण आहे, टिकटिक भराभर करतो. आणि विचारतोय...

त्सोनका : काय?

ल्यूबेन : विचारतोय, "माझ्या नावाचा गहू दोनदा खाणारा हा ग्रोझदान कोण?" ग्रोझदान, आहेस ना तिथं? काय सांगू त्याला?

ग्रोझदान : सांगा, खाली उभा आहे. पंप बंद केलाय त्यानं. ... खरंच केलाय.